‘हॅव’ लावलं कोणी?

इंग्रजी बोलता येणं आणि इंग्रजीतली चूक काढता येणं या दोन अगदी वेगळ्या विद्या आहेत. पहिली फार थोड्यांना येते. दुसरी महाराष्ट्रात घरोघरी आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणायचा अवकाश, मठ्ठा वाढणाऱ्यापासून नवरदेवाच्या आत्याबाईंपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच एक समजूतदार हसू उमटतं. त्या हसणाऱ्यांपैकी कोणालाही म्हणून बघावं, की बरोबर वाक्य तुम्ही बोला आणि त्याला जोडून आणखी चार वाक्यं बोला. हसू जागच्या जागी विरतं आणि मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचा विषय निघतो.

त्यातही मान आहे तो क्रियापदाच्या चुकीला. स्पेलिंग चुकलं तर फोनवर ढकलता येतं. ‘ए’च्या जागी ‘द’ पडला तर बहुतेकांना कळतच नाही. पण क्रियापद घसरलं की माणसाची शाळा निघते, गाव निघतं, शिकवणाऱ्या मास्तरांचाही उद्धार होतो. माझे साडू बँकेतून निवृत्त झाले आहेत. बँकेत ते हिशेब तपासत, आता इंग्रजी तपासतात. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक सलग वाक्य कोणी ऐकलेलं नाही, पण त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायची छाती घरात कोणाची होत नाही. अधिकार म्हणतात तो हाच.

या विद्येची पंढरी म्हणजे पुण्याची सदाशिव पेठ आणि तिच्या शेजारची नवी पेठ. जिल्ह्याजिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं इथल्या अभ्यासिकेत खुर्ची आणि मेसमध्ये ताट लावतात आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाडजूड पुस्तकांत ‘स्पॉटिंग एरर्स’ हे प्रकरण उघडून बसतात. एका वाक्याचे तीन तुकडे केलेले असतात. ए, बी, सी. त्यातल्या कुठल्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. चूक नसेलच तर डी, म्हणजे ‘नो एरर’. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. उत्तर चुकलं तर अर्धा गुण कापला जातो. तेवढ्या वेळात वाक्य वाचायचं, कर्ता पकडायचा, क्रियापदाला त्याच्यासमोर उभं करायचं आणि दोघांचं पटतंय का ते ठरवायचं. घटस्फोटाच्या कोर्टातसुद्धा इतकी घाई नसते.

अशाच एका क्लासमध्ये सरांनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘द बॉक्स ऑफ मँगोज, विच माय अंकल हॅड केप्ट ऑन द टॉप शेल्फ, हॅव बीन ईटन.’ मागच्या बाकावरच्या देवगडच्या मुलाने हात वर केला. सरांना वाटलं, सापडली चूक. तो म्हणाला, “सर, पण खाल्ले कोणी?” सर म्हणाले, “खाल्ले कोणी ते सोड. ‘हॅव’ लावलं कोणी ते बघ.” मग त्यांनी समजावून सांगितलं, की कर्ता ‘मँगोज’ नसून ‘बॉक्स’ आहे, तो एकवचनी आहे, सबब ‘हॅज’ पाहिजे. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. देवगडच्या मुलाने पुन्हा हात वर केला. “सर, म्हणजे आता आंबे शिल्लक आहेत आणि पेटी खाल्ली गेली, असं ना?” सरांनी त्याला बाहेर काढलं नाही, पण पुढच्या वाक्याकडे ते जरा घाईने वळले.

पेपर काढणाऱ्यांची सगळी हुशारी या पेटीत भरलेली आहे. कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट करायची, मध्ये काका, फळी, आंबे असा सगळा संसार मांडायचा आणि क्रियापदाच्या अगदी उशाशी एक फसवं अनेकवचन आणून बसवायचं. क्रियापद बिचारं जवळच्याच्या नादाला लागतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर’ हे त्यातूनच येतं. मित्र अनेक दिसतात, बोलणं चाललंय एकाबद्दल. त्या विश्वात माणसांचं काही खरं नसतं. जहाजाचा कॅप्टन ‘अलाँग विथ’ खलाशी बुडतो आणि प्रश्न येतो तो ‘वॉज’ की ‘वेअर’ एवढाच. नियम असा, की ‘अलाँग विथ’ने जोडलेली माणसं मोजायची नाहीत. उत्तर ‘वॉज’. एक कॅप्टन बुडाला, खलाशांची नोंद नाही. तसं पाहिलं तर ‘कॅप्टन खलाशांसह बुडाला’ असंच आपणही म्हणतो, पण ते म्हणताना आपल्याला निदान वाईट वाटतं.

बरं, नियम पाठ करायचे तर तेही धड एका दिशेला तोंड करून उभे राहत नाहीत. ‘मेनी अ मॅन’ म्हणजे पुष्कळ माणसं, पण क्रियापद एकवचनी. ‘मोअर दॅन वन स्टुडंट’ म्हणजे एकाहून जास्त विद्यार्थी, तरी ‘हॅज’. ‘न्यूज’ अनेक दिसते, असते एक. पँट एक घालतो, ती असते अनेक. ‘ब्रेड अँड बटर’ दोन असूनही एक, कारण ते एकत्र खातात. ‘टेन थाउजंड रुपीज’ ही रक्कम म्हणून एकवचनी, हा नियम तर पगार झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आपोआप पटतो. ‘द नंबर ऑफ’ला ‘इज’ आणि ‘अ नंबर ऑफ’ला ‘आर’, म्हणजे सगळा निकाल त्या चिमुकल्या ‘ए’वर आणि ‘द’वर. आणि हे सगळं जमलं की शेवटी ‘इफ आय वेअर’ येतं. त्यात ‘मी’ एकटाच असतो, तरी ‘वॉज’ चालत नाही. मी राजा असतो तर! नसल्यामुळे ‘वेअर’.

सगळ्यात चमत्कारिक चीज म्हणजे तो ‘एस’. नामाला लागला तर अनेकवचन, क्रियापदाला लागला तर एकवचन. ‘द बॉय रन्स’, ‘द बॉइज रन’. घरात एकच छत्री असावी तसं आहे हे. पोरांनी नेली तर क्रियापदाने भिजत जायचं, क्रियापदाने नेली तर पोराने. दोघांनी छत्री घेतली की चूक आणि दोघंही भिजले तरी चूक. ‘ही गो’ म्हणणारा माणूस हा नुसता घाईत निघालेला असतो.

आता गंमत बघा. या एका ‘एस’पुढे गारद होणारा माणूस घरी कुठली भाषा बोलतो? रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने केळं खाल्लं, रामाने पेढे खाल्ले. आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, ताटाकडे बघतं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे शाळेत जाईपर्यंत माहीत नसतं आणि शाळा सुटल्यावर आठवत नाही, पण तीन वर्षांचं पोरही ‘मी पोळी खाल्लं’ फार दिवस म्हणत नाही. शिवाय रामाने रावणाला मारलं आणि रामाने शूर्पणखेला पाहिलं, इथे क्रियापद ना कर्त्याचं ऐकतं ना कर्माचं. त्याला भावे म्हणतात. तीन लिंगं, दोन वचनं आणि तीन प्रयोग तोंडात लीलया खेळवणारी माणसं इंग्रजीच्या दारात ‘डज’ आणि ‘डू’ यांच्यामध्ये घाम पुसत उभी राहतात.

याला कारण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘मी उद्या सकाळच्या गाडीने नाशिकला मामाकडे’ इथपर्यंत बोलून जायचं की नाही ते ठरवायला सवड असते. समोरच्याचा चेहरा बघून ‘जाणार होतो’ असंही करता येतं. इंग्रजी तोंड उघडल्या उघडल्या क्रियापद मागते. काय बोलायचं ते ठरायच्या आत काळ, वचन आणि पुरुष भरून फॉर्म दाखल करा. म्हणून मीटिंगमध्ये आपली माणसं ‘अॅक्च्युअली’ म्हणून थांबतात. आत क्रियापदाची शोधाशोध चाललेली असते.

आणि ज्यांना आपण चुका म्हणतो त्या काही आकाशातून पडत नाहीत. ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे आपलं शुद्ध, रोजचं वाक्य. त्याचं इंग्रजी ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ होणारच. तिकडे मात्र ‘हॅड’ वापरायचा तर त्यानंतर आणखी काहीतरी घडलेलं असावं लागतं. इंग्रज ऐकताना वाट बघत राहतो, की पुढे काय झालं? काही झालं नाही हो, संध्याकाळच्या एसटीने परत आलो. ‘डिड नॉट वेंट’मध्येही तर्कच आहे. गोष्ट भूतकाळात झाली याबद्दल कोणाला शंका नको म्हणून ती दोन ठिकाणी नोंदवलेली असते. सरकारी कामाची सवय असलेल्या समाजाला एका नोंदीवर भरवसा ठेवणं जड जातं. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’मध्ये दोन भाऊ असण्याची क्रिया सतत चालू आहे. ज्यांना दोन भाऊ आणि एक सामाईक सातबारा आहे त्यांना यात चूक सापडणार नाही.

या ‘इंग’वर तर कविता झाल्या आहेत. मुंबईचे निस्सिम इझिकेल हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजात जन्मलेले आणि इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही अख्खी कविता अशा चालू वर्तमानकाळातल्या भारतीय इंग्रजीत लिहिली. आता ती कॉलेजात अभ्यासाला असते. एकाच विषयाच्या एकाच वर्षात मुलं सकाळच्या तासाला या चुकांचं सौंदर्य समजून घेतात आणि दुपारच्या तासाला त्याच चुकांखाली रेघ मारतात.

हा रेघ मारण्याचा धंदा आपल्याकडे आला तो मात्र थेट विलायतेहून. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली इंग्रजीचं एक छोटंसं व्याकरण लिहिलं आणि तळटीपांमध्ये मोठमोठ्या लेखकांच्या चुका काढून ठेवल्या. मिल्टन सापडले, ड्रायडन सापडले, पोप, अॅडिसन, स्विफ्ट सापडले. क्रियापदाची तिसरी रूपं या मंडळींना नीट येत नव्हती असं दिसून आलं. त्या काळात इंग्लंडातली भली माणसं सर्रास ‘यू वॉज’ म्हणत. लाउथसाहेबांनी त्यावरही कोरडे ओढले. पुढे लिंडली मरे नावाचे एक अमेरिकन वकील यॉर्कजवळ येऊन स्थायिक झाले. तिथल्या एका मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं आणि १७९७ मध्ये त्याला जोडून स्वाध्यायांचं पुस्तक काढलं. त्यात मुद्दाम चुकीची वाक्यं छापलेली होती आणि मुलांनी ती दुरुस्त करायची होती. म्हणजे सदाशिव पेठेतल्या पोरांच्या डोक्याशी चाललेला हा छळ निदान सव्वादोनशे वर्षांचा आहे आणि त्यात एका वकिलाचा हात आहे. दुसऱ्याच्या बोलण्यात कुठे सापडतंय ते बघायची सवय त्यांनी घरी आणली असणार.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या आणि मग रेन आणि मार्टिन आले. यातले रेन हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. नंतर त्यांनी फ्रेंचांच्या ‘फॉरेन लिजन’वर ‘बो जेस्त’ ही साहसकथा लिहिली आणि ती जगभर गाजली. हे कळल्यावर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पुढे ज्याला कथेतल्या वाळवंटात माणसं मारायची होती, तो आधी वर्गात दयामाया कशी दाखवणार? २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी मराठी शाळेत गाठ पाचवीत पडायची आणि पहिल्या भेटीतच हातात ‘गो-वेंट-गॉन’ पडायचं. एक ‘टु बी’ घेतलं तर त्याची रूपं आठ. एकाही रूपात ‘बी’चा चेहरा दुसऱ्या रूपाशी जुळेल तर शपथ, ‘बीन’ आणि ‘बीइंग’ तेवढे घरच्यासारखे दिसतात. त्या तक्त्यात ‘पुट-पुट-पुट’ आलं की अख्खा वर्ग मोठ्याने म्हणायचा. आयुष्यात काहीतरी स्थिर आहे याचा तो आनंद होता.

मोठेपणी या शिक्षणाचं चीज होतं ते सोसायटीच्या ग्रुपवर. साडूंच्या सोसायटीत एका सकाळी सेक्रेटरींनी निरोप टाकला: ‘ऑल मेंबर्स इज इन्फॉर्म दॅट टुडे वॉटर टँकर नॉट केम. प्लीज स्टोअर्ड वॉटर.’ साडूंनी दोन मिनिटांत खाली टाकलं: ‘आर इन्फॉर्म्ड’. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त प्राचार्यांनी त्याला अंगठा दिला, पण ‘नॉट केम’च्या जागी ‘हॅज नॉट कम’ हवं अशी पुस्ती जोडली, कारण ‘टुडे’ अजून संपलेला नव्हता. चौथ्या मजल्यावरच्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्यांनी कळवलं, की अमेरिकेत ‘डिड नॉट कम’ चालतं. त्यावर ‘आपली सोसायटी अमेरिकेत आहे काय?’ हे साडूंनी मराठीत विचारलं, कारण भांडणाचं क्रियापद मराठीतच बसतं. ‘स्टोअर्ड’वर चर्चा पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले आणि नळ फुसफुसून बंद पडले. पाणी भरलेलं होतं ते फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे. त्यांचं इंग्रजी कच्चं, त्यामुळे त्यांनी निरोप नुसता वाचला होता.

या तपासणीत एक सोय मात्र कटाक्षाने पाळली जाते. चूक कोणी केली ते आधी बघायचं. इंग्रजी गाण्यात ‘शी डोन्ट’ आलं तर ती शैली. ऑफिसातल्या शिपायाने ‘मॅडम डोन्ट कम’ म्हटलं तर तो किस्सा, आणि तो पुढे वर्षभर चहाबरोबर चालतो. ‘इंडिया आर ऑल आउट’ असं कॉमेंटेटर म्हणतो तेव्हा विलायतेत संघाला अनेकवचन लावतात असं आपणच एकमेकांना समजावून सांगतो. तेच वाक्य पोराने निबंधात लिहिलं की लाल गोल. साहेबाने मेलमध्ये ‘आय विल रिव्हर्ट’ लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस रिव्हर्ट होतं. ‘प्रीपोन’ला आपण वर्षानुवर्षं हसलो, ऑक्सफर्डच्या कोशात त्याला जागा मिळाल्यावर हसणारे गप्प झाले. आणि मराठीत कोणी ‘माझी मदत कर’ म्हणालं तर आपल्या कपाळावर साधी आठीसुद्धा पडत नाही. मराठीतली चूक काढून कोणी मोठं झाल्याचं ऐकिवात नाही ना!

खरी पंचाईत होते ती त्या चौथ्या पर्यायाची. अभ्यासिकेतल्या कोणालाही विचारा, ‘नो एरर’ला गोल करताना हात थरथरतो. चूक सापडली की जीव भांड्यात पडतो; सापडली नाही तर वाक्य बरोबर आहे असं वाटत नाही, आपण कमी पडलो असं वाटतं. ही खोड मग परीक्षेपुरती उरत नाही. अशाच एका हुशार मुलाला एका मुलीने मोठ्या धीराने लिहिलं: ‘आय अॅम मिसिंग यू सिन्स मंडे.’ ‘सिन्स’ दिसताच त्याने सवयीने उत्तर पाठवलं: ‘हॅव बीन मिसिंग’. त्यानंतर तिकडचं क्रियापद आपण होऊन साध्या भूतकाळात गेलं. गेल्या वर्षी तो मुलगा पास झाला. इंग्रजीत त्याला पैकीच्या पैकी आहेत.

या दिवाळीत साडूंबरोबर अजिंठ्याला जाणं झालं. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबतात, तिथे दुकानं आहेत आणि तिथूनच लेण्यांकडे बस सुटतात. रंगीत दगडांचे गोळे, स्फटिक, गारा विकणारी पोरं परदेशी पाहुणा दिसला की गाठतात. असाच एक पोरगा एका जपानी आजोबांना जांभळ्या स्फटिकाचा खडा दाखवत होता. “यस्टर्डे आय ब्रिंग फ्रॉम माउंटन. माय ब्रदर ब्रोक, आय क्लीन. यू सी, यू नो लाइक, यू गो, नो प्रॉब्लेम.” आजोबा म्हणाले, “आय लाइक. बट वाइफ ईज अँग्री. बिफोर, आय बाय मेनी.” पोरगा म्हणाला, “वाइफ नॉट सी. आय गिव्ह स्मॉल बॉक्स.” साडू माझ्या कानाशी लागून एकेक क्रियापद मोजत होते. “‘ब्रिंग’ नाही, ‘ब्रॉट’. ‘बाय’ कसलं, ‘बॉट’. ‘नॉट सी’ला तर सहायक क्रियापदच नाही.” ते ‘विल’पर्यंत पोहोचले तेव्हा पैसे देऊन झाले होते आणि दोघं एकमेकांना नमस्कार करून हसत होते.

मग साडूंना वाटलं, त्या आजोबांकडून आपला दोघांचा फोटो काढून घ्यावा. फोन पुढे करून ते दोन पावलं गेले आणि थबकले. ‘वुड यू माइंड’ इथवर जुळलं होतं, पण पुढे ‘टेक’, ‘टु टेक’ की ‘टेकिंग’? ओठ हलत होते. ‘टेकिंग’ नक्की झालं तेव्हा आजोबा बसमध्ये चढले होते आणि कंडक्टरने घंटी मारली होती. स्फटिकवाल्या पोराने साडूंच्या हातातला फोन घेतला, आम्हा दोघांना खांदे धरून उन्हाकडे वळवलं आणि म्हणाला, “काका, यू स्टँड, आय क्लिक.” फोटो उत्तम आला आहे. फक्त त्यात साडूंचं तोंड किंचित उघडं आहे, कारण ते तेव्हा त्याला ‘अॅम क्लिकिंग’ सांगत होते.